जो लुईस

जोसेफ लुईस बॅरो ऊर्फ जो लुईस (१३ मे १९१४ – १२ एप्रिल १९८१) हे अमेरिकेचे विख्यात व्यावसायिक मुष्टियोद्धे होते. जून १९३७ ते मार्च १९४९ अशी सलग ११ वर्षे ८ महिने ते हेवीवेट गटाचे जगज्जेते होते. या काळात त्यांनी आपले विजेतेपद २५ वेळा यशस्वीपणे राखले. हेवीवेट गटातील हा विक्रम आजही अबाधित आहे. ‘ब्राउन बाँबर’ या टोपणनावाने ते ओळखले जात. हेवीवेट गटातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, या न संपणाऱ्या वादात मुहम्मद अली यांच्याबरोबर त्यांचे नाव हटकून घेतले जाते.

बालपण व जडणघडण

लुईस यांचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात लाफायेट गावाजवळ झाला. मन्रो आणि लिली बॅरो या दांपत्याच्या आठ अपत्यांपैकी ते सातवे. त्यांचे आजोबा-आजी गुलामगिरीत जन्मले होते आणि वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करीत. लुईस दोन वर्षांचे असताना वडिलांना मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे आईने दुसरा विवाह केला. १९२६ मध्ये हे कुटुंब उपजीविकेसाठी उत्तरेकडील डेट्रॉइट या औद्योगिक शहरात आले.

मुलाने व्हायोलिन शिकावे, अशी आईची इच्छा होती. तिने शिकवणीसाठी दिलेले पैसे मात्र लुईस यांनी मुष्टियुद्धाच्या सरावाकडे वळविले. हौशी गटातील पहिल्याच लढतीत त्यांचा सपशेल पराभव झाला; तरीही त्यांनी सराव सोडला नाही. १९३४ मध्ये त्यांनी लाइट हेवीवेट गटाचे राष्ट्रीय हौशी विजेतेपद पटकावले आणि त्याच वर्षी ४ जुलै रोजी शिकागो येथे व्यावसायिक कारकिर्दीस आरंभ केला.

व्यावसायिक कारकीर्द

जॉन रॉक्सबरो व ज्युलियन ब्लॅक हे त्यांचे व्यवस्थापक, तर जॅक ब्लॅकबर्न हे प्रशिक्षक होते. हे तिघेही कृष्णवर्णीय होते. पहिले कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेते जॅक जॉन्सन यांनी १९१५ मध्ये विजेतेपद गमावल्यानंतर तब्बल २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला या पदासाठी लढू दिले गेले नव्हते. जॉन्सन यांच्या बेदरकार वर्तनाचे निमित्त त्यासाठी पुढे केले जाई. म्हणून लुईस यांच्यासाठी वागणुकीचे कडक नियम ठरविण्यात आले. पराभूत प्रतिस्पर्ध्यासमोर हर्ष प्रकट करायचा नाही, गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र काढू द्यायचे नाही, असे ते नियम होते. लुईस यांचा सार्वजनिक जीवनातील निर्विकार चेहरा काही अंशी या बंधनांतून घडला होता.

१९३५ मध्ये त्यांनी इटलीचे प्रिमो कार्नेरा आणि अमेरिकेचे मॅक्स बेअर या दोन माजी जगज्जेत्यांना नॉकआउटने हरविले. अखेर २२ जून १९३७ रोजी शिकागो येथे जेम्स ब्रॅडॉक यांच्याविरुद्ध त्यांना संधी मिळाली. पहिल्या फेरीत स्वतः खाली पडूनही लुईस यांनी आठव्या फेरीत ब्रॅडॉक यांना बाद केले आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी ते जगज्जेते झाले.

श्मेलिंग यांच्याशी दोन लढती

तत्पूर्वी १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर जर्मनीचे माजी जगज्जेते मॅक्स श्मेलिंग यांनी लुईस यांना बाराव्या फेरीत बाद केले होते. डाव्या हाताचा जॅब मारल्यानंतर लुईस तो हात खाली आणतात, हे श्मेलिंग यांनी हेरले होते. या विजयाचा नाझी राजवटीने वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचारासाठी उपयोग करून घेतला.

२२ जून १९३८ रोजी त्याच मैदानावर सुमारे ७०,००० प्रेक्षकांसमोर दोघे पुन्हा भेटले. एरवी कृष्णवर्णीयांना समान हक्क नाकारणारा अमेरिकी समाज त्या रात्री एका कृष्णवर्णीय खेळाडूच्या पाठीशी उभा राहिला. लुईस यांनी श्मेलिंग यांना तीनदा खाली पाडले आणि लढत २ मिनिटे ४ सेकंदांत संपली. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. त्यांचे व्यवस्थापक ज्यू होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधील ज्यूविरोधी हिंसाचारात त्यांनी दोन ज्यू मुलांना आश्रय दिला होता. पुढील आयुष्यात हे दोन प्रतिस्पर्धी एकमेकांचे स्नेही झाले.

लष्करी सेवा

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर जानेवारी १९४२ मध्ये लुईस लष्करात दाखल झाले. त्या वर्षीच्या दोन लढतींचे मानधन त्यांनी नौदल व भूदल यांच्या साहाय्यता निधींना दिले. सैनिकांच्या मनोरंजनासाठी त्यांनी ९६ प्रदर्शनीय लढती केल्या. तेव्हा अमेरिकी लष्करात वर्णानुसार वेगळ्या तुकड्या होत्या. फोर्ट रायली येथे जॅकी रॉबिन्सन व इतर कृष्णवर्णीय सैनिकांना अधिकारी प्रशिक्षणात प्रवेश मिळावा, यासाठी लुईस यांनी आपले वजन खर्ची घातले. हेच रॉबिन्सन १९४७ मध्ये मेजर लीग बेसबॉलमधील वर्णभिंत ओलांडणारे खेळाडू ठरले.

उत्तरायुष्य

लुईस यांनी १ मार्च १९४९ रोजी निवृत्ती जाहीर केली. परंतु ती टिकली नाही. त्यांच्याकडे थकलेला प्राप्तिकर ५ लाख डॉलरांच्या वर गेला होता. ढिसाळ हिशेब आणि सढळ हात ही त्याची कारणे होतीच. शिवाय युद्धनिधीला दिलेले मानधनही त्यांच्या करपात्र उत्पन्नात धरले गेले. कर्जफेडीसाठी ते रिंगणात परतले. सप्टेंबर १९५० मध्ये एझर्ड चार्ल्स यांनी त्यांना गुणांवर हरविले आणि २६ ऑक्टोबर १९५१ रोजी रॉकी मार्सियानो यांनी आठव्या फेरीत बाद केले. ही त्यांची अखेरची व्यावसायिक लढत ठरली. व्यावसायिक कारकिर्दीत त्यांनी ६६ विजय मिळविले, त्यांपैकी ५२ नॉकआउटने, तर त्यांचे पराभव केवळ ३ होते.

पुढे काही काळ त्यांनी व्यावसायिक कुस्ती केली. शेवटची वर्षे लास वेगासच्या सीझर्स पॅलेस येथे पाहुण्यांच्या स्वागताचे काम करण्यात गेली. १२ एप्रिल १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्याच रात्री ते हेवीवेट विजेतेपदाची एक लढत पाहण्यास उपस्थित होते. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या विशेष अनुमतीने त्यांचे दफन आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत झाले.

श्रेष्ठत्वाचा वाद व मूल्यमापन

लुईस यांच्या थोरवीविषयी मुष्टियुद्धप्रेमींमध्ये मतभेद आहेत. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत त्यांनी सात वेळा विजेतेपद पणाला लावले. त्यांतील बहुतेक प्रतिस्पर्धी दुय्यम दर्जाचे होते, हा मुख्य आक्षेप घेतला जातो. त्यांची पावले संथ होती व चपळ प्रतिस्पर्धी त्यांना जड जाई, असेही म्हटले जाते. जून १९४१ मध्ये वजनाने हलके असलेले बिली कॉन बाराव्या फेरीअखेर गुणांवर पुढे होते; तेराव्या फेरीत लुईस यांनी त्यांना बाद केले. १९४७ मध्ये जो वॉलकॉट यांच्याविरुद्ध लुईस दोनदा पडूनही विजयी ठरविले गेले, तो निर्णय अनेकांना अमान्य होता. समर्थक मात्र याकडे वेगळ्या दृष्टीने पाहतात. जे त्यांना जड गेले, त्या श्मेलिंग, कॉन व वॉलकॉट या तिघांनाही त्यांनी दुसऱ्या भेटीत नॉकआउटने हरविले. शिवाय ऐन उमेदीची सुमारे चार वर्षे युद्धात गेली.

ही तुलना अवघड होण्याचे कारण निकषांतच आहे. अपराजित राहणे हा निकष मानला, तर ४९ पैकी ४९ लढती जिंकणारे मार्सियानो अग्रस्थानी येतात. प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा पाहिला, तर लिस्टन, फ्रेझियर व फोरमन यांना नमविणारे अली सरस ठरतात. सातत्य व ठोशांचा अचूकपणा यांना महत्त्व दिले, तर लुईस यांना तोड सापडत नाही. ऐन भरात सुमारे २०० पौंड वजन असलेले लुईस आजच्या धिप्पाड खेळाडूंपुढे कितपत टिकले असते, हा प्रश्नही विचारला जातो; पण त्याचे उत्तर कोणतीही आकडेवारी देऊ शकत नाही. ‘द रिंग’ या नियतकालिकाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वकालीन १०० ठोसेबाजांच्या यादीत लुईस यांना पहिला क्रमांक दिला.

लुईस यांच्यानंतर कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी हेवीवेट विजेतेपदाचे दार पुन्हा बंद झाले नाही. चार्ल्स, वॉलकॉट, पॅटरसन, लिस्टन आणि अली हे सर्व जगज्जेते त्याच दारातून आत आले.

सन्मान

लष्करी सेवेबद्दल त्यांना ‘लीजन ऑफ मेरिट’ हे पदक मिळाले. अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक त्यांना १९८२ मध्ये मरणोत्तर देण्यात आले. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. डेट्रॉइट शहरात १९८६ मध्ये उभारलेले, वळलेल्या मुठीचे २४ फूट लांबीचे कांस्यशिल्प हे त्यांचे स्मारक आहे.