खिळे घासण्यापासून ‘निर्णयसागर’पर्यंत
मुंबईच्या ‘निर्णयसागर’ छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी (१८३९-१८९२) यांच्या कार्याचा आरंभ खिळे घासण्यापासून झाला. घरच्या गरिबीमुळे बालवयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामास लागले. ओतलेल्या शिशाच्या खिळ्यावर कंगोरा राहिला, तर ओळ नीट जुळत नाही व अक्षर स्वच्छ उमटत नाही. हाच त्या कामाचा धडा होता. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या सुबक देवनागरी अक्षरांनी या छापखान्याचे संस्कृत ग्रंथ देशभर मान्यता पावले. शाळेत फारसे न शिकलेल्या जावजींनी विद्वानांच्या हाती शुद्ध ग्रंथ दिले. पुढे संगणक आला, खिळे मोडीत निघाले; अक्षराच्या वळणाचा त्यांनी घालून दिलेला आदर्श मात्र टिकून आहे.