प्रकाशाचा हिशेब ठेवणारे रामन

सर सी. व्ही. रामन हे नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, समुद्र निळा का, नोबेल पारितोषिक, झालं! पण कंपोझिट मटेरिअल शिकताना हेच नाव पुन्हा भेटतं, हे किती जणांना माहीत असेल? फायबर आणि रेझिन जिथे एकमेकांना चिकटतात, तिथला स्ट्रेस मोजायची एक उत्तम पद्धत रामन यांच्याच शोधावर उभी आहे.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीला झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली बी.ए. आणि १९०७ साली एम.ए. झाले. हुशार मुलाने सरकारी नोकरी धरायची अशी तेव्हा रीतच होती. (आजही फारसं वेगळं नाही म्हणा!) रामन वित्त खात्याच्या परीक्षेत पहिले आले आणि अठराव्या वर्षी कलकत्त्याला हिशेब खात्यात अधिकारी झाले. पण ऑफिसच्या आधी आणि नंतर हे गृहस्थ बहूबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत. मधे रंगूनला आणि १९१० मध्ये आपल्या नागपूरलाही बदली झाली. त्या काळातला त्यांचा आवडता विषय म्हणजे वाद्यांच्या तारांची कंपनं. व्हायोलिन, वीणा, तंबोरा, पुढे तबला आणि मृदंगसुद्धा.

१९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पालित प्राध्यापकपद दिलं. पगार जवळजवळ निम्मा होणार होता. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हे वाचायला जरा जड जातं, पण त्यांनी सरकारी खुर्ची सोडली.

१९२१ साली इंग्लंडहून परतताना बोटीवर त्यांनी भूमध्य समुद्र पाहिला. हा निळा रंग आकाशाचं प्रतिबिंब आहे असं लॉर्ड रॅले यांचं मत होतं. रामन यांनी खिशातल्या निकोल प्रिझममधून परावर्तित प्रकाश गाळून पाहिला, तरी पाणी निळंच. तिथून सात वर्षं प्रकाशाच्या विखुरण्याचा पाठलाग चालला आणि २८ फेब्रुवारी १९२८ ला के. एस. कृष्णन यांच्यासोबत तो परिणाम हाती आला. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला की त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून परततो. तो किती बदलला, यावरून रेणू कसा कंप पावतो ते कळतं.

आता आपल्या ब्रँचचं बघू. शेजारच्या धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत. अशी पाती फायबर आणि रेझिनचीच असतात. फायबर मजबूत, रेझिनही चांगलं, पण दोघांमधली पकड सुटली तर लोड फायबरपर्यंत पोचतच नाही. ही पकड मोजायची कशी? कार्बन फायबर साधारण ७ मायक्रॉन जाड, त्यावर स्ट्रेन गेज चिकटवणार कुठे? जुन्या पद्धतीत फायबर रेझिनमधून उपटून काढायचा किंवा त्याचे तुकडे पडेपर्यंत नमुना ताणायचा. त्यातून एक सरासरी आकडा मिळायचा, बस.

तंबोऱ्याची तार पिळली की सूर चढतो. फायबरमधल्या अणूंच्या बंधाचं उलट असतं. ताणला की तो सैल पडतो आणि त्याचं कंपन उतरतं. केव्हलार फायबर १ टक्का ताणला तर त्याची १६१० प्रति सेंटिमीटरजवळची रामन रेषा साधारण ४ ने खाली सरकते. म्हणजे फायबर स्वतःच गेज झाला! १९८० च्या दशकात लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात गॅलिओटिस, यंग आणि सहकाऱ्यांनी पारदर्शक इपॉक्सीत एकच फायबर बसवला आणि लेसरचा बारीक ठिपका त्यावर सरकवत जागोजागचा स्ट्रेन वाचला. फायबरच्या टोकाशी स्ट्रेन जवळपास शून्य, आत जाताना वाढत जातो. एखाद्या छोट्या भागात फायबरचा लोड जितका वाढला, तितका रेझिनने कडेच्या शिअरमधूनच दिला असणार. म्हणून स्ट्रेनच्या ग्राफचा त्या जागचा स्लोप गुणिले फायबरचा मॉड्युलस गुणिले त्रिज्येचा निम्मा, हा झाला तिथला इंटरफेसचा शिअर स्ट्रेस. काचेचा फायबर मात्र अशी रेखीव रेषा देत नाही. त्यामुळे काचेच्या पात्यांसाठी ही युक्ती सरळ चालत नाही. कार्बन आणि केव्हलारला ती छान लागू पडते.

रामन यांना १९३० मध्ये नोबेल मिळालं. १९३३ ला ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत (दुर्गा भागवतांच्या भगिनी, पुढच्या डॉ. कमला सोहोनी) प्रवेश मागायला गेल्या, तर मुलगी म्हणून रामन यांनी नकार दिला. त्या हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष काम पाहून ठरवू, या अटीवर घेतलं. वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांना प्रवेश पक्का करावा लागला. एवढा मोठा माणूस इथे चुकला, हे लिहिलंच पाहिजे.

१९३७ मध्ये वादातून संचालकपद सुटलं. १९४८ मध्ये त्यांनी बंगलोरलाच रामन रिसर्च इन्स्टिट्यूट उभी केली. १९५४ मध्ये भारतरत्न मिळालं. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते गेले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार त्याच संस्थेच्या बागेत झाले. तिथे स्मारक नाही, एक झाड आहे.