डोळस श्रद्धा

पूर्वजांचे वचन म्हणून जे सांगितले जाते, ते खरोखर पूर्वजांचेच असते काय? हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, असे थोर पुरुष म्हणजे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर.

त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील कारकून होते. रत्नागिरीस शालेय शिक्षण संपवून रामकृष्णपंत मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत ते होते. पुढे त्यांनी शास्त्रीपंडितांजवळ संस्कृतचे सखोल अध्ययन केले. काही काळ ते रत्नागिरीस मुख्याध्यापक होते. नंतर मुंबईस व पुण्यास संस्कृतचे प्राध्यापक झाले. जुन्या हस्तलिखित पोथ्या मिळविण्यासाठी ते दूरदूर हिंडले.

त्या काळी मुलींचे विवाह अगदी लहान वयात होत. पती वारला, तर त्या कोवळ्या मुलीस जन्मभर वैधव्य कंठावे लागे. विधवाविवाहास १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली होती. समाजाने मात्र दिली नव्हती. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून मोठा वाद माजला. धर्मशास्त्राचा हवाला देऊन अनेकांनी सुधारणेस विरोध केला. भांडारकरांनी धर्मशास्त्र बाजूस सारले नाही. उलट ते अधिक बारकाईने वाचले. गृह्यसूत्रे व स्मृतिग्रंथ ताडून पाहून, प्राचीन काळी मुलींचे विवाह प्रौढ वयात होत असत, हे त्यांनी साधार दाखवून दिले.

परंतु खरी कसोटी घरातच होती. त्यांची स्वतःची कन्या विधवा झाली होती. लोकनिंदा पत्करून, त्याच वर्षी त्यांनी तिचा पुनर्विवाह करून दिला. ग्रंथांतून जे सत्य म्हणून हाती आले, ते त्यांनी आपल्या उंबरठ्याआड अडवून ठेवले नाही.

त्यांच्या नावाने १९१७ साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी या संस्थेस दिला. अनेक हस्तलिखिते पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्य तेथे १९१९ साली सुरू झाले व १९६६ साली पूर्णत्वास गेले.

२४ ऑगस्ट १९२५ रोजी भांडारकरांचे निधन झाले. तो दिवस ऋषिपंचमीचा, म्हणजे प्राचीन ऋषींच्या स्मरणाचा होता. पूर्वजांचा ठेवा नुसता पुजावयाचा नसतो. तो पारखून घ्यावयाचा असतो आणि जे खरे ठरेल, ते आधी स्वतः आचरावयाचे असते, हाच त्यांच्या जीवनाचा बोध होय.