समजून घ्या : ‘द लायन किंग’मधल्या गाण्याच्या मूळ संगीतकाराला मिळाले होते अवघे १० शिलिंग! कोण होते सॉलोमन लिंडा?

‘द लायन किंग’ पाहिला असेल, तर टिमॉन आणि पुम्बाच्या तोंडचे झोपलेल्या सिंहाचे गाणे तुमच्या कानात नक्की असेल. रील्समध्ये तर ती चाल सतत भेटते. ती चाल मूळ ज्यांची, त्या सॉलोमन लिंडा यांचे १९६२ मध्ये निधन झाले. त्यांच्या बँक खात्यात तेव्हा २५ डॉलरही नव्हते.

गाणे तयार कसे झाले?

लिंडा यांचा जन्म १९०९ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भागातला. लहानपणी ते गुरे राखत. पुढे कामाच्या शोधात जोहान्सबर्गला आले आणि मित्रांना घेऊन ‘ओरिजिनल इव्हनिंग बर्ड्स’ हा गायकांचा चमू उभा केला. १९३९ मध्ये ‘गॅलो’ या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत या चमूने ‘म्बुबे’ रेकॉर्ड केले. म्बुबे म्हणजे झुलू भाषेत सिंह. तिसऱ्या टेकमध्ये शेवटाकडे लिंडा यांनी वरच्या पट्टीत आयत्या वेळी एक जागा घेतली. जगभर गाजली ती हीच काही सेकंदांची जागा! कागदावर लिहिलेले काही नव्हते.

लिंडा यांना १० शिलिंग मिळाले आणि गाण्याचे हक्क कंपनीकडे गेले. पुढच्या दशकभरात रेकॉर्डच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या. लिंडा मात्र त्याच कंपनीत साधी नोकरी करत राहिले.

अमेरिकेत नाव का गळाले?

संगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांच्यामार्फत ती रेकॉर्ड लोकगायक पीट सीगर यांच्या हाती पडली. ‘उयिम्बुबे’ हा शब्द त्यांना ‘विमोवे’ असा ऐकू आला आणि त्याच नावाने ‘द वीव्हर्स’ गटाने गाणे आणले. श्रेय दिले पॉल कॅम्पबेल यांना. या नावाचा माणूसच नव्हता. लोकगीतांवरचे हक्क नोंदवण्यासाठी वापरले जाणारे ते टोपणनाव होते. म्हणजे ज्याचा संगीतकार जिवंत होता, ते गाणे अनामिक लोकगीतांच्या रांगेत गेले. सीगर यांनी नंतर लिंडा यांना एक हजार डॉलर पाठवल्याचे सांगितले, पण रॉयल्टीची व्यवस्था लागली नाही.

१९६१ मध्ये ‘द टोकन्स’ने इंग्रजी शब्दांसह ते पुन्हा गायले आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. दुसऱ्याच वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने लिंडा गेले. कबरीवर दगड बसवायला कुटुंबाला पुढची जवळपास १८ वर्षे लागली.

मग डिस्नेवर खटला कशाच्या आधारावर?

इथे खरी गंमत आहे. सन २००० मध्ये पत्रकार रायन मालन यांनी हे प्रकरण उजेडात आणले. केवळ ‘द लायन किंग’मधल्या वापरातून गाण्याने दीड कोटी डॉलर कमावले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. पण हक्क तर विकलेले! कायदेतज्ज्ञ ओवेन डीन यांना वाट सापडली ती इंग्रजांच्या १९११ च्या कॉपीराइट कायद्यात. संगीतकाराने हक्क विकले, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, अशी तरतूद त्यात होती. चार्ल्स डिकन्स यांच्या नावाने ती ओळखली जाते. १९६२ अधिक २५, म्हणजे १९८७ पासून हक्क लिंडा कुटुंबाचे. चित्रपट आला १९९४ मध्ये.

२००४ मध्ये वारसांनी दक्षिण आफ्रिकेत दावा ठोकला. परदेशी कंपनीला तिथल्या न्यायालयात खेचायचे तर तिची मालमत्ता तिथे असावी लागते. म्हणून मिकी माऊससह डिस्नेचे त्या देशातले ट्रेडमार्कच जप्त करण्यात आले! २००६ मध्ये तडजोड झाली. लिंडा यांचे नाव सहसंगीतकार म्हणून लागले आणि मुलींना पैसे मिळू लागले. मात्र हक्कांची विक्री पहिल्यांदा झाली, त्याला तोवर अर्धशतक उलटले होते.

भारतात काय?

तोच १९११ चा कायदा १९१४ मध्ये काही बदलांसह इथेही लागू झाला होता. १९५७ च्या नव्या कायद्यात २५ वर्षांची तरतूद उरली नाही. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर, सिनेमागृहातले प्रदर्शन सोडून गाणे इतरत्र वापरले गेले, तर त्या रॉयल्टीतला निम्मा वाटा गीतकार-संगीतकाराला लिहून देता येत नाही. करारावर सही केली असली, तरीही.

व्हिडिओ गेमसाठी संगीत करणाऱ्यांपुढे आजही अनेकदा एकरकमी करारच येतो. मोबदला एकदाच मिळतो; गेम नंतर कितीही खपो.