जॉस्लिन यांची नोंदवही

डॉ. इलियट जॉस्लिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, ऑक्सफर्ड या लहानशा गावी झाला. हार्वर्डमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच, १८९३ मध्ये, त्यांनी मधुमेहाच्या पहिल्या रुग्णाची नोंद आपल्या वहीत केली. पुढे खुद्द त्यांच्या आईचे नावही त्याच वहीत आले. १९१६ मध्ये त्यांनी मधुमेहाच्या उपचारांवर ग्रंथ लिहिला, तो अशाच सुमारे एक हजार रुग्णांच्या नोंदींच्या बळावर.

१९२१ मध्ये त्यांनी एक बोचरी गोष्ट मांडली. एका शांत गावात शेजारी-शेजारी असलेल्या तीन घरांत वेळोवेळी राहायला आलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण मधुमेहाने गेले. विषमज्वर असता तर आरोग्य खाते धावून आले असते. हे मृत्यू बऱ्याच वर्षांच्या अंतराने झाले आणि कोणाच्या लक्षातही आले नाहीत.

१९२२ मध्ये इन्सुलिन आले, रुग्ण जास्त वर्षे जगू लागले आणि मधुमेहाचे दूरगामी परिणाम पुढे आले. नसा खराब झाल्या की पायाची संवेदना जाते. जखम कळत नाही, ती चिघळते आणि पाय कापण्याची वेळ येते. जॉस्लिन यांनी पाय रोज पाहणे, धुऊन कोरडे करणे, नखे नीट कापणे हा उपचाराचाच भाग केला. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

योगायोग असा, की त्यांची वही सुरू झाली त्याच १८९३ साली शिकागोत मृत्यूच्या कारणांची बर्टिलाँ यांची यादी स्वीकारली गेली. आजची आजारांची जागतिक संकेतावली, म्हणजे आयसीडी, तिच्यातूनच वाढली. आयसीडी-१० मध्ये गुंतागुंत नसलेल्या टाइप २ मधुमेहाचा कोड ई ११.९ आहे, नसांवर परिणाम झाला असेल तर ई ११.४. फरक एका आकड्याचा, पण नऊ लिहिले की बधिर पाय कागदावरून गायब होतो. पुढच्या डॉक्टरला त्याची चाहूल लागत नाही, विम्याच्या कागदांत तो दिसत नाही आणि तालुक्यात असे किती रुग्ण आहेत, हेही कळत नाही.

सटाण्यासारख्या गावात, जिथे कांद्या-डाळिंबाच्या शेतात अनवाणी वावरणे नवे नाही, तिथे ही नोंद फार मोलाची. पायाला मुंग्या येणे, तळव्यांची आग होणे, चप्पल निसटली तरी न कळणे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना तपासून घ्यावी. केसपेपरवर नुसते शुगर न लिहिता नसांचा त्रासही लिहायला सांगावे. नाशिकला पाठवायची वेळ आली, तर तोच कागद उपयोगी पडतो.