धर्मानंद कोसंबी : घर सोडून गेले, ज्ञान घेऊन परत आले



या वेळी आपण धर्मानंद कोसंबी यांचं चरित्र वाचणार आहोत. आपल्यात गोव्याची घरं आहेत, ग्वाल्हेरची आहेत, बडोद्याचीही आहेत. धर्मानंदांच्या आयुष्याची वाट या तिन्ही ठिकाणांना लागून गेली आहे. आज मराठी माणूस बुद्धाच्या शिकवणीविषयी आपल्या भाषेत वाचू शकतो, त्यात या एका माणसाच्या पायपिटीचा वाटा फार मोठा आहे.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. प्रकृती नाजूक, शाळा लवकरच सुटली, मग घरची नारळाची बाग सांभाळू लागले. १८९१ मध्ये बाळाबाईंशी लग्न झालं. वाचनाची आवड मात्र कायम होती. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि मन तिथंच अडकलं. हा धर्म मुळातून शिकायचा, ही एकच ओढ लागली.

१८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे बाळाबाई होत्या आणि लहानगी माणिक होती. ही गोष्ट आपण मुद्दाम सांगतो आहोत. मोठ्या माणसांची चरित्रं सांगताना घरी राहिलेल्यांना आपण एका ओळीत आटोपतो. पण धर्मानंदांच्या प्रवासाची किंमत त्या माउलीनेही मोजली, हे विसरून चालणार नाही.

आधी पुणं, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि संस्कृत शिकायचं. १९०२ मध्ये ते नेपाळात गेले, तिथं शिकता येईल अशी आशा होती, ती फोल ठरली. बुद्धगयेला आले, तेव्हा कळलं की पाली ग्रंथ शिकायचे तर सिंहलद्वीप गाठायला हवं. लगेच निघाले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांजवळ पाली शिकले, तिथंच श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ध्यानाचा अभ्यास केला. हातात पैसा नाही, अंगात ताकद बेताची, पण पाऊल मागे घेतलं नाही.

१९०६ साली जवळजवळ सात वर्षांनी ते गोव्यात परतले आणि पुन्हा संसारात आले. १९०७ मध्ये मुलगा झाला, दामोदर. हाच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून नावाजला. माणिक आणि दामोदर दोघांनाही धर्मानंदांनी पुढे अमेरिकेत शिकायला नेलं. त्या काळात मुलीला इतक्या लांब शिकवणं ही साधी गोष्ट नव्हती. गेलेली वर्षं परत देता येत नाहीत. पण परत आल्यावर कसं वागायचं, ते आपल्या हातात असतं.

आता खरी कसोटी पाहा. कलकत्त्यात ते पाली शिकवत होते, महिना अडीचशे रुपये मिळण्याची सोय होती. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना पन्नास रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि वर्षाला एक पुस्तक लिहावं. धर्मानंदांनी अडीचशे सोडले, पन्नास घेतले. का? तर जे शिकलो ते आपल्या माणसांपर्यंत आपल्या भाषेत पोचावं म्हणून. घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हा आकडा किती जड असतो ते!

हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी ते १९१० पासून चार वेळा अमेरिकेला गेले. तिथं श्रेयावरून वाद झाले, काम वर्षानुवर्षं रखडलं. पण त्यांनी ते टाकून दिलं नाही. १९४० साली नागरी लिपीतली आवृत्ती मुंबईत निघाली. हार्वर्डची प्रत छापून आली १९५० मध्ये, तेव्हा ते हयात नव्हते.

मधल्या काळात फर्ग्युसन कॉलेजात आणि गुजरात विद्यापीठात शिकवलं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत बहुजन विहार उभा केला. धर्म पंडितांच्या कपाटात राहू नये, हीच तळमळ.

‘भगवान बुद्ध’ या पुस्तकात त्यांनी एक वेगळी गोष्ट मांडली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र मध्यरात्री गुपचूप निघून गेला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. धर्मानंदांनी जुने पाली ग्रंथ तपासून दाखवलं की ही कथा नंतरची. माणसं शस्त्रं घेऊन एकमेकांवर उठतात, हे पाहून गौतमाला उबग आला. आणि तो चोरून गेला नाही, आईवडील रडत असताना त्यांच्या देखत गेला. स्वतः घर सोडलेल्या माणसाने हे लिहिलं आहे. ते रडणं त्यांनी झाकलं नाही, हे आपल्याला फार मोठं वाटतं.

जून १९४७ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या ‘समाधिमार्ग’ या छोट्या पुस्तकात साध्या माणसाला करता येतील अशा भावना दिल्या आहेत. विसुद्धिमग्गाच्या परंपरेतल्या दोन गोष्टी आपण या आठवड्यात घरी करून पाहू.

पहिली, श्वासाची. शांत बसून श्वास मोजायचे. पाचाच्या आत थांबायचं नाही, दहाच्या पुढे जायचं नाही, मग पुन्हा एकपासून. मन पळालं तर रागवायचं नाही, परत आणायचं.

दुसरी, मैत्रीची. आधी स्वतःचं भलं चिंतायचं. मग ज्यांच्याविषयी आदर आहे, जे प्रिय आहेत त्यांचं. मग ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याचं : रोज दूध टाकून जाणारा, जिन्यात भेटणारा. सर्वांत शेवटी ज्याच्याशी बिनसलंय त्याचं. हा क्रम उगाच नाही. एकदम शत्रूपासून सुरुवात केली तर मन अडून बसतं.

आणि एक विनंती. साधनेला बसताना घरात कुणावर आपल्या वाटणीचं काम पडतंय, तेही बघावं. बाळाबाईंची आठवण ठेवून ते काम आधी उरकावं, मग डोळे मिटावे.

हा अंक आजी-आजोबांना वाचून दाखवावा. मुलांना साखवाळच्या त्या मुलाची गोष्ट जरूर सांगावी.

सर्वांचं मंगल होवो. 🙏