बहिणीचे देणे

उभी नोकरी बँकेत कर्जखाती तपासण्यात गेली म्हणून असेल, पण जपानी दिग्दर्शक केंजी मिझोगुची याचे चित्रपट पाहताना माझे लक्ष आधी पैशाकडे जाते. त्याच्या चित्रपटांतली बाई रस्त्यावर येते ती बहुधा कोणाच्या तरी देण्यापायी.

हे देणे त्याने घरातच पाहिले होते. १८९८ साली टोकियोत तो जन्मला. रशिया-जपान युद्धाच्या वेळी सुतारकाम करणाऱ्या वडिलांनी सैनिकांना रेनकोट विकण्याचा धंदा काढला. युद्ध लवकर आटोपले, धंदा बुडाला. थोरली बहीण सुझू दत्तक म्हणून परक्या घरी गेली आणि गेइशा झाली. १९१५ मध्ये आई वारल्यावर याच बहिणीने भावांना स्वतःच्या घरी आणून सांभाळले. बापाचे बुडाले, भरले मुलीने.

१९२० मध्ये तो निक्कात्सु कंपनीत शिरला, तीन वर्षांनी दिग्दर्शक झाला. १९२५ मध्ये संबंधातल्या एका वेश्येने त्याच्या पाठीवर वस्तरा चालवला. तिच्या रागाची खूण त्याच्या अंगावर राहिली.

१९३६ च्या ‘ओसाका एलिजी’त टेलिफोन ऑपरेटर मुलगी बापाची अफरातफर भरून काढण्यासाठी मालकाची रखेली होते, पुढे घरचेच तिला झिडकारतात. १९४८ च्या ‘विमेन ऑफ द नाइट’साठी त्याने कॅमेरा युद्धात बेचिराख झालेल्या ओसाकात नेला. किनुयो तनाकाने रंगवलेली युद्धविधवा तिथे गिऱ्हाईक शोधत फिरते. तिला ना शृंगार, ना गाणे.

मार्च १९५६ मध्ये आलेला ‘स्ट्रीट ऑफ शेम’ त्याचा शेवटचा चित्रपट. टोकियोच्या योशिवारा वस्तीतला एक कोठा. एकीच्या घरी आजारी नवरा आणि तान्हे मूल. दुसरी सोबतिणींनाच व्याजाने पैसे देते. दारातल्या बायका रस्त्यावरच्या पुरुषांना अक्षरशः आत ओढतात. वेश्याव्यवसायबंदीचे विधेयक संसदेत अडलेले. अखेरीस एक कोवळी पोर दाराआडून, भीत भीत, पहिल्यांदाच पुरुषाला खुणावते.

त्याच वर्षी मे महिन्यात कायदा खरोखरच मंजूर झाला. ऑगस्टमध्ये मिझोगुची रक्ताच्या कर्करोगाने गेला. शिक्षेची कलमे १९५८ मध्ये लागू झाली. कायद्याने कोठ्याचे दार बंद करता येते. दाराआडच्या पोरीच्या घरचे देणे कोणी फेडायचे, हे खाते मात्र त्याने उघडेच ठेवले. बहिणीच्या आधारावर वाढलेल्या भावाला ते बंद करणे पटलेही नसते.